शेषूभाऊंच्या खांद्यावर

“काका, ही स्पीकरची पेटी स्टेजवर नको.”

मी नुकताच माझा बेस अ‍ॅम्प दोघांच्या हातभारानं स्टेजवर चढवला होता आणि घाम पुसत होतो. सांगणारा होता सौरभ, इव्हेंट कंपनीचा मॅनेजर. काळा टी-शर्ट, कानात वायर, चेहऱ्यावर घाई. लातूरच्या एका डॉक्टरांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. त्यासाठी नांदेडहून आमचा ऑर्केस्ट्रा बोलावला होता. मागे मोठी एलईडी वॉल, तिच्यावर त्या आजी-आजोबांचे फोटो फिरत होते.

“पेटी फोटोत येते,” सौरभ म्हणाला. “आम्ही स्टेज क्लीन ठेवतो. तुमची गिटार डायरेक्ट मिक्सरला देऊ. ऐकायला सगळ्यांना इन-इयर आहेत.”

“मला पेटी लागते.”

“कशाला?”

कशाला ते मला सांगता येत नव्हतं.

मी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची गिटार. सकाळी एका शाळेत संगीत शिकवतो, पण कुणी विचारलं तर धंदा हाच सांगतो. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारी मंडळी. लोकांना रेडिओवर ऐकलेलं गाणं जसंच्या तसं पाहिजे असतं आणि आम्ही ते जमेल तेवढं देतो. त्यात बेस कुणाच्या लक्षात येत नाही. माझी बायकोसुद्धा प्रोग्राम बघून म्हणते, तुमचं काही कळलं नाही, पण छान झालं. बेसचं काम गाण्याच्या खाली सूर धरून ठेवायचं. तो काढून घेतला की गाणं पोकळ वाटतं, पण का वाटतं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

बेस अ‍ॅम्प म्हणजे या गिटारच्या स्पीकरची पेटी. माझी जुनी आहे, जड आहे, कोपरे सोललेले आहेत. ती वाजली की स्टेजचं प्लायवूड थरथरतं. त्या थरथरण्यावर आमचे गायक शेषूभाऊ गात होते. ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होती.

शेषूभाऊ उमरीचे. दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या मशीनवर आणि संध्याकाळी स्टेजवर, असा त्यांचा जन्म गेला. दोन्हीकडे कानाजवळ आवाजच आवाज. एकदा हदगावच्या प्रोग्रामला माझ्या पेटीची वायर निघाली आणि शेषूभाऊ चालू गाण्यात एकदम भरकटले. वायर लावली, तसे जागेवर आले. परत येताना गाडीत त्यांनी मला मागच्या सीटवर ओढून घेतलं.

“मिलिंद, डावा कान गेलाय माझा. उजव्यातबी बारीक आवाज येईना गेलेत. पण तुझा बेस कळतोय. कानानं न्हाई, पायानं.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं. मशीन दिली त्यानं. ती घातली की सगळंच ओरडून राहिलंय. गफारभाईला सांगू नको. बहिरा गायक कोण ठेवतंय?”

तेव्हापासून ते माझ्या पेटीला टाच लावून उभे राहायचे. गाण्याआधी चपला काढायचे. लोकांना वाटायचं, स्टेजला मान देतात. मुखेडला एका म्हाताऱ्यानं त्यावरून स्वतःच्या पोरांना चार शब्द ऐकवले होते. मला आतून हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

गफारभाई आमचे मालक. ते कीबोर्ड वाजवतात. माणूस वाईट नाही, कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर सगळ्यात आधी येणारा. पण धंद्याच्या बाबतीत कडक. शेषूभाऊ अधूनमधून बेसूर होतात हे त्यांच्या कानाला कळत होतं. त्यांना वाटायचं, आवाज उतरला. निघायच्या आधी मला बाजूला घेऊन ते म्हणाले होते, “लातूरला बघतो एकदा. तिथं गडबड झाली तर नवीन पोरगा तयार हाय माझ्याकडं. दिल दुखवायचं काम न्हाई हे मिलिंद, पण पार्टी माझ्या नावानं बोंबलती.”

तर पेटी खाली गेली असती, की शेषूभाऊ गेले असते. इतकं सरळ होतं ते.

मी सौरभला सांगून पाहिलं. पेटीशिवाय मला फील येत नाही. तो हसला. बाजूला ठेवू का? बाजू कॅमेऱ्यात येते. एलईडीच्या मागे? मागे नुसत्या वायरींचा गुंता, तिथं कुणाला पाय ठेवायलासुद्धा बंदी. शेवटी गफारभाई आले. “जिद नको करू मिलिंद. मी पार्टीला जबान दिलीय. ते म्हणतील तसं स्टेज.”

मी शेषूभाऊंकडे बघितलं. आता खरं बोलावं असं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी माझ्या तोंडावरून ते ओळखलं असावं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी पेटी खाली उतरवली आणि गाडीत ठेवली.

इन-इयर म्हणजे कानात खुपसायची इयरफोनची जोडी. गायकाला स्वतःचा आवाज आणि वाद्यं त्यातून ऐकू येतात. सोय चांगली आहे, पण ती कानात घट्ट बसावी लागते. थोडी जरी सैल राहिली तर सगळ्यात आधी खालचे सूर पळतात आणि नुसते बारीक आवाज उरतात. म्हणजे शेषूभाऊंच्या कामाचं तेवढं बाहेर आणि त्यांना ऐकू न येणारं तेवढं आत. सौरभच्या माणसानं ती घाईत, सैलच त्यांच्या कानात लावली आणि अंगठा दाखवला. शेषूभाऊंनीही दाखवला.

प्रोग्राम सुरू झाला. पुढच्या सोफ्यावर आजी-आजोबा, गळ्यात हार, मांडीवर शाल. शेषूभाऊंनी चपला काढल्या. सवयीनं टाच मागे नेली आणि तिथं काही नव्हतं.

पहिलं गाणं संथ, जुनं. त्यांनी सुरुवात बरी केली. तालात काही चूक नव्हती, तबलेवाल्याचे हात समोर दिसत होते. पण मुखडा संपेपर्यंत सूर वर सरकला. मग आणखी वर. गफारभाईंनी कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटन दाबलं. या बटनानं सगळी पट्टी एका झटक्यात वर किंवा खाली जाते. गायक चुकला की त्याच्या मागे पळायला आम्ही ते वापरतो. मीही बोटं सरकवून मागे पळालो. आम्ही तिथं पोचलो तर शेषूभाऊ तिथून निघून खाली आलेले. डॉक्टर मान वळवून सौरभकडे बघायला लागले. सोफ्यावरच्या आजींनी आजोबांना काहीतरी विचारलं. गफारभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान डोलावली. निकाल लागल्यासारखी.

मला राग आला. कुणाचा आला ते आजही नीट सांगता येत नाही.

कडव्याच्या आधी वाद्यांचा तुकडा असतो. त्या वेळात मी वायर ओढत शेषूभाऊंच्या उजव्या बाजूला गेलो आणि गिटारचं डोकं, म्हणजे जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग, त्यांच्या खांद्यावर टेकवला. मानेच्या जवळ, हाडावर. लाकूड थरथरतं. पायानं कळतं तर हाडानंही कळेल, एवढाच विचार. ते दचकले. मी मूळ पट्टीतला ‘सा’ जोरात ओढला, पुन्हा ओढला. त्यांनी डोळे मिटले. गफारभाईंनी बटन परत जागेवर आणलं. कडवं सुरात आलं. अगदी पहिल्यासारखं नाही, पण सुरात आलं.

माझा जीव भांड्यात पडला. आणि हॉलमध्ये शिट्टी वाजली.

लोकांना वाटलं, ही आमची स्टाइल आहे. दोन पोट सुटलेले काका, एकानं गिटार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली, दुसरा डोळे मिटून गातोय. मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, “काका, जोडी नंबर वन.” हार घातलेल्या आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी गिटार काढली असती तर सूर गेला असता, म्हणून काढली नाही. पूर्ण प्रोग्राम तसाच केला. मान अवघडली, मनगट सुजलं. प्रत्येक गाण्याला लोक जास्त हसले.

शेषूभाऊंना हसणं ऐकू येत नव्हतं. पण मधे मधे ते डोळे उघडायचे.

परत निघालो तेव्हा गाडीत मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो.

“लोक का हासत होते रे?”

“आपली जोडी आवडली त्यांना,” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

“मी लई बेसूर झालो का?”

“नाही भाऊ. सुरात होता तुम्ही.”

“मग हासत होते कशाला?”

मी खिडकीची काच वर केली.

त्याच आठवड्यात गफारभाईंनी आम्हा दोघांना प्रॅक्टिसच्या खोलीवर बोलावलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सौरभनं आमचा व्हिडिओ टाकला होता आणि तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. मुखेडच्या एका पार्टीनं त्यावरून फोन केला होता. ऑर्केस्ट्राचं नावही विचारलं नव्हतं. खांद्यावर गिटार ठेवणारे काका हेच का, एवढंच विचारलं.

“शेषू, माझं चुकलं,” गफारभाई मोठ्यानं म्हणाले. “मला वाटलं तू खलास झाला. हे आयटम कायम ठेवायचं. नवीन पोरगा कॅन्सल.”

मी शेषूभाऊंकडे बघितलं. मला खरंच वाटलं, झालं. काम वाचलं, गुपितही वाचलं. गफारभाईंनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. शेषूभाऊंनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. आवाज मोठा होता की बंद, त्यांना सारखंच होतं. त्यांना फक्त दिसत होतं. खांद्यावर गिटार, मिटलेले डोळे आणि मागे दात काढणारी माणसं.

“गफारभाई, ते आयटम नव्हतं,” ते म्हणाले. “मला ऐकू येईना गेलंय. यानं मला धरून चालवलंय तिथं.”

गफारभाई खाली बसले. मग त्यांनी शेषूभाऊंचा हात धरला आणि उजव्या कानाशी वाकले. “आधी सांगायचं ना रे. मी काय दुश्मन हाय का?” ते खोटं नव्हतं. मग त्यांनी हात सोडला. “बरं, आता हे बाहेर कुणाला सांगू नको. मुखेडचं बुकिंग झालंय.”

“मी येत न्हाई,” शेषूभाऊ म्हणाले.

“अरे, लोकांना आवडून राहिलंय.”

“गाणं आवडत असतं तर आलो असतो.”

मी त्यांना पोचवायला उमरीच्या गाडीपर्यंत गेलो. पेटी परत स्टेजवर ठेवायला गफारभाईंना मनवतो म्हणालो. ते म्हणाले, “एका गावात ठेवशील. दुसऱ्या गावात पुन्हा कुणीतरी म्हणल, फोटोत येती.” ते बरोबर होतं. आता मोठ्या प्रोग्रामला कुणीच पेटी ठेवू देत नाही. माझी घरी आहे, बायकोनं तिच्यावर चादर टाकून टीव्ही ठेवलाय.

मधे एकदा उमरीला जाऊन आलो. वहिनी त्यांच्याशी ओरडून बोलत होत्या. भाऊंनी मला पिकापाण्याचं विचारलं, शाळेचं विचारलं. ऑर्केस्ट्राचं एका शब्दानं विचारलं नाही. निघताना माझ्या सुजलेल्या मनगटाला त्यांनी हात लावून बघितलं, तेवढंच.

मुखेडचा प्रोग्राम झाला. शेषूभाऊंच्या जागी नवीन पोरगा होता. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, गळा गोड, कान तेज. पहिली दोन गाणी त्यानं इतकी सुरेख म्हटली की मला शेषूभाऊंचा विसर पडला, आणि त्याची लाज वाटली. मग खाली बसलेल्या पार्टीच्या भावानं गफारभाईंना खूण केली. खांद्यावर हात मारून दाखवला. गफारभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणालो. त्यांनी हात जोडले.

मी वायर ओढत गेलो आणि त्या पोराच्या खांद्यावर गिटार ठेवली. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. लातूरपेक्षा जास्त.

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामला हे होतं. ऑर्केस्ट्रात लोकांना आवडलेली गोष्ट कधी बंद पडत नाही, ती कशासाठी सुरू झाली होती ते सांगणारा तेवढा घरी बसतो. मुखेडला गाणं संपल्यावर टाळ्या चालू असताना तो पोरगा माझ्याकडे वाकला.

“काका, पुढच्या वेळी जरा लांब धरा,” तो म्हणाला. “माझ्या कानात लई घुमतंय.”