बाईंचा चारशे वर्षांपूर्वीचा वाद

"हे ठरवलं कुणी?" असं विचारताना बाई कधी बसलेल्या नसत. हातात चहाचा कप, चष्मा कपाळावर, आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा अखंड येरझाऱ्या.

टोकियोतल्या निशी-कसाईला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवलेला, म्हणून सगळ्यांच्याच 'बाई'. यजमानांची इकडे बदली झाली आणि त्या पीएचडी अर्धी टाकून आल्या. विषय होता, चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांनी घातलेला वाद: बाईला बुद्धी असते का?

"असले वाद घालायचे?" मी हसले होते.

"पुस्तकंच्या पुस्तकं लिहायचे! बाईची प्रकृती थंड आणि ओलसर, म्हणून तिच्या डोक्यात विचार टिकत नाही म्हणे. मग बायकांनीही उत्तरं लिहिली. आम्हाला शिकू देत नाही आणि वर अडाणी म्हणता?" एवढं होईतो बाई बाल्कनीत पोचलेल्या. पुढचं ऐकायला मलाही मागोमाग जावं लागे.

तुमच्याही शेजारात अशी कुणी असेल. तिच्यासमोर 'चालायचंच' म्हणायची सोय नसते.

मग २०११चा तो मोठा भूकंप झाला. नंतर कित्येक दिवस जमीन हलतच होती, टीव्हीवर सतत स्फोट झालेली अणुभट्टी. इमारतीतले मराठी पुरुष आमच्या घरी जमले. बायकामुलांना भारतात पाठवायचं, असं ठरलंसुद्धा.

"हे ठरवलं कुणी?" बाई दारातूनच म्हणाल्या.

"अहो बाई, बायका घाबरतात. अशा वेळी त्यांना काय सुचणार?" एक जण म्हणाले.

"चारशे वर्षं झाली, अजून तेच!" त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं गं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. 'मी थांबणार' असं ठणकावून सांगावंसं वाटलं. तोंडून निघालं, "मला जायचंय, बाई. फार भीती वाटते." माझी मान खाली गेली.

"मग जा. भीती वाटली म्हणजे अक्कल गेली, असं थोडंच आहे?"

माझी बॅग भरायलाही त्याच आल्या. लेकीचे स्वेटर कोंबता कोंबता मी विचारलं, "बाई, तुमची पीएचडी सोडायचं कुणी ठरवलं?"

त्यांचे हात थांबले.

"मीच. हे म्हणत होते, तू पुण्यात राहा, पूर्ण कर. पण लिहिणं अडलं होतं गं. बदली आयतीच मिळाली. इतकी वर्षं लोकांना सांगतेय, बदलीमुळे सुटलं."

दिवाळीनंतर मी परतले, तेव्हा बाई पुस्तकं बांधत होत्या. ओसाकाच्या एका विद्यापीठाने त्यांना पीएचडीला घेतलं होतं. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली, आणि त्या एकट्या निघाल्या होत्या.

आमच्या मेट्रो स्टेशनवर मी आणि त्यांचे यजमान सोडायला गेलो. पुस्तकांचं खोकं यजमानांच्या हातात. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात कशी बदलणार, हे सांगत सांगत बाई गाडीत चढल्या आणि दार लागलं. खोकं प्लॅटफॉर्मवरच. काचेआडून त्यांनी खोक्याकडे बोट दाखवलं, काहीतरी म्हणाल्या, आणि गाडी गेली.

"आता हो?" मी विचारलं.

"पुढच्या गाडीने जातो. ओसाकाच्या गाडीसाठी तिला ओतेमाचीला उतरायचंच आहे, तिथे थांबेल ती." मग खोकं सावरत म्हणाले, "थांबेल ना?"

गाडी आली, आणि खोकं छातीशी धरून ते घाईघाईने आत शिरले.