हाडं शिकवणारे काकाजी

"डावं का उजवं?"

दार उघडल्यावर काकाजी ये, बस, पाणी घे असलं काही म्हणत नसत. दारातच हातात एक हाड द्यायचे आणि हे विचारायचे. माझा एक पाय चपलेत, एका हातात स्कूटीची किल्ली आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी दंडाचं हाड. उत्तर बरोबर आल्याशिवाय आत घेत नसत. चुकलं की म्हणत, "चलो, पुन्हा. घाई कोणाले आहे?"

घाई मला होती. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी ॲनाटॉमीत नापास झाले होते. बाकीचे विषय निघाले, माणसाचं शरीर तेवढं राहिलं. सप्लिमेंटरीला अठ्ठावीस दिवस होते. त्यातही आपटले असते तर वर्ष गेलं असतं, आणि काल ज्यांना मी नोट्स दिल्या त्या ज्युनिअर मुलींच्या शेजारी बसावं लागलं असतं. मुळात मी एका जागी दहा मिनिटं बसू शकत नाही. त्या दिवसांत तर जेवतानाही माझा पाय हलत असे आणि आई ताटावर हात ठेवून म्हणे, "थांबव तो पाय, भाजी सांडून राहिली."

काकाजींकडे मला बाबांनी पाठवलं. बाबा फॅक्टरीतले, काकाजी मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले. दोघांची ओळख विहारातली. आम्ही जबलपुरात अधारतालला आणि ते कांचघरला, एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत, एकटे. ते प्रोफेसर नव्हते, डॉक्टरही नव्हते. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये ते चौतीस वर्षं अटेंडंट होते. देह टेबलावर आणून ठेवायचे, हाडं साफ करायची, मुलं निघून गेली की सगळं झाकायचं, हे त्यांचं काम. शिक्षण दहावी. पण रोज मागे उभं राहून चौतीस वर्षं तेच तेच ऐकलेलं. प्रोफेसर बदलत गेले, काकाजी तिथंच उभे होते.

ती उभं राहायची सवय पुढेही गेली नाही. घरात दोन खुर्च्या होत्या, पण बसलेले ते मला दिसले नाहीत. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत शिकवायचे. पहिल्या दिवशी माझा हलणारा पाय त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "तुह्याकडून बसणं होत नाही न? मग काहून बसून राहिली? ऊठ, चाल." मग आम्ही दोघंही चालायचो, सकाळी साडेसहाला, हातात एकेक हाड घेऊन. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना आमच्याविषयी काय वाटत असेल, याचा विचार मी करायचं सोडून दिलं होतं.

त्यांच्याकडे खाकी कापडाची एक पिशवी होती. पास झालेली मुलं जाताना आपला हाडांचा संच त्यांच्याकडे ठेवून जात, ही तिथली रीतच पडली होती. माझ्या मोबाइलवर शरीर थरांनी उघडून दाखवणारं ॲप होतं. मी ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी बोटाने फुप्फुस इकडून तिकडे फिरवलं, "अच्छा" म्हणाले आणि फोन परत दिला. "याले हात लावला का काच लागते," एवढंच बोलले. त्यांची पद्धत वेगळी होती. डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, हाड चाचपायचं आणि ते आपल्या स्वतःच्या अंगावर जिथं आहे तिथं धरून दाखवायचं. "आंग तं तुह्याजवळच आहे," ते म्हणत, "पुस्तक काहून शोधून राहिली?"

रोज एक हाड ते घरी न्यायला देत. आमच्याकडे त्याची वेगळीच गंमत झाली. आई म्हणाली, माणसाचं हाड घरात नको. बाबा चिडले, आपण असल्या गोष्टी मानत नाही म्हणाले, आणि पाच मिनिटांनी स्वतःच ते हाड हळूच बाल्कनीत नेऊन ठेवलं. विचारल्यावर सांगितलं, हवा लागायला ठेवलं.

काकाजींचा एक किस्सा त्यांच्या तोंडून मी निदान चारदा ऐकला. तुमच्याही ओळखीत असा आवडता किस्सा असलेलं कुणीतरी असेलच. हॉलमध्ये अटेंडंटने प्रोफेसरांसमोर बोलायचं नसे. पण एकदा एक मोठे साहेब मुलांसमोर हाडाची बाजू चुकीची सांगून बसले. काकाजी मागून खोकले. साहेबांनी वळून पाहिलं, पुन्हा हाडाकडे पाहिलं आणि बाजू बदलली. "चौतीस सालांत दोनदाच खोकललो," ते सांगत, आणि आपली एकदाही चूक झाली नाही हे सांगायचं विसरत नसत.

तिसऱ्या आठवड्यात मला जमायला लागलं. पिशवीत हात घातला की बोटं आपोआप ओळखायची. आणि मग तोंडी परीक्षेच्या तीन दिवस आधी हंसली आली.

हंसली म्हणजे गळ्याखाली आडवं असतं ते हाड, क्लॅव्हिकल. ओळखायला सोपं, बाजू सांगायला कठीण. जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, इथवर कुणीही सांगेल. पण वरचं अंग कुठलं आणि खालचं कुठलं हे कळल्याशिवाय डावं-उजवं ठरत नाही. खालच्या अंगाला एक उथळ खाच असते. ती बोटाला लागली की झालं.

मला खाच लागली. मी म्हणाले, "डावी."

काकाजींनी ती घेतली, डोळे मिटले, अंगठा फिरवला. "उजवी. पुन्हा पाह्य."

मी पुन्हा पाहिलं. डावी होती. मी तसं म्हणाले. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि ठाम आवाजात म्हणाले, "उजवी आहे, बेटा. घाई करून राहिली तू."

मी गप्प बसले. घरी येऊन पुस्तक उघडलं, डावीच होती. मग मला काही सुचेना. आजवर यांनी सांगितलेलं आणखी काय काय चुकलेलं असेल? ते तीन दिवस त्यांनी सांगितलेलं एकेक हाड मी पुस्तकाशी ताडून पाहिलं. मोठं सगळं बरोबर होतं. चुकत होतं ते फक्त जिथं बारीक खाच किंवा उंचवटा बोटाला लागायला हवा तिथं. आणि मग त्यांचा चहाचा ग्लास आठवला. स्टीलचा, उकळता. मी तो ओढणीत धरायचे आणि ते उघड्या हाताने धरून चालत राहायचे. मला ते काटकपणाचं लक्षण वाटलं होतं. त्यांची शुगर जुनी होती, हेही मला माहीत होतं, आणि शुगरने बोटं बधिर होतात हेही. त्यांच्या बोटांना आता काही लागत नव्हतं आणि ते त्यांना कळलेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पुन्हा हंसली काढली, पुन्हा उजवी म्हणाले. मी खोकले. त्यांनी लगेच हाड खाली ठेवलं, आत गेले आणि ओवा भाजून घेऊन आले. "परीक्षेच्या टायमाले आवाज बसला तं कसं होईन?" मी तो ओवा चावत जिना उतरले.

परीक्षेत मला नडगीचं हाड आलं. त्याची बाजू आमची आईसुद्धा सांगेल. मी पास झाले.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले. काकाजी खूश होते. पुढच्या आठवड्यापासून दोन नव्या मुली येणार आहेत म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पिशवी काढून हाडं पुसू लागले. ते पाहून माझ्याने राहवेना. मी हंसली उचलली, त्यांचा अंगठा धरला आणि खालच्या अंगावरून हळू फिरवला.

"काकाजी, इथं खाच लागते?"

"लागते न," ते म्हणाले. मग अंगठा स्वतःच पुन्हा फिरवून म्हणाले, "नाही लागत, बेटा."

त्यांनी दुसरी चार हाडं घेतली, सगळ्यांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुले?"

"परीक्षेच्या तीन दिवस आधीपासून."

ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि बोट ठेवून मोजू लागले. "एकेचाळीस दिवस," ते म्हणाले. "एकेचाळीस दिवस तू चूप राहिली. काहून?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मले वाईट वाटून काय होते?" इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्या जिंदगीभर मेलेल्यांले हात लावला. ते तक्रार करत नाहीत. तू जित्या माणसाले हात लावशील. कोणी मोठा चुकून राहिला तं अशीच उभी राहशील काय?"

मी पेढ्याचा डबा तिथंच ठेवून निघाले. खाली स्कूटी सुरू करताना त्यांच्यापेक्षा मला माझाच राग आला होता.

पुढच्या आठवड्यात बाबांना त्यांचा फोन आला. त्या दोन मुली आता आमच्याकडे येतील, पोरीला सांगा, एवढंच. मुली आल्या त्या खाकी पिशवी घेऊनच. काकाजी कांचघरच्या खोल्या सोडून शहराबाहेर शहपुऱ्याला मुलीकडे राहायला गेले होते. मी फोन केले. मुलगी म्हणायची, झोपलेत, किंवा बाहेर गेलेत. मी समजायचं ते समजले.

मी त्या दोघींना शिकवू लागले, अर्थात चालत चालत. चौथ्या दिवशी कोपराच्या नसेबद्दल सांगत होते, ती धक्का लागला की झिणझिण्या आणणारी, आणि घाईत ती बाहेरच्या बाजूने जाते म्हणून गेले. त्यातल्या धाकटीने आपलं कोपर चाचपलं आणि म्हणाली, "दीदी, माझी तर आतून आहे. तुमचं चुकून राहिलं."

मला आधी रागच आला. मग मी बाल्कनीत जाऊन शहपुऱ्याला फोन लावला, आणि या वेळी काकाजींनीच उचलला. मी नाव सांगितलं नाही, नमस्कारही केला नाही.

"काकाजी, आज एका पोरीने माझी चूक काढली. तोंडावर."

पलीकडे ते चालायला लागल्याचा चपलांचा आवाज आला.

"कितव्या दिवशी?"

"चौथ्या."

"अच्छा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. शहपुऱ्याला जायचं जायचं म्हणताना माझे पुढचे पेपर आले, आणि थंडी सरता सरता काकाजी गेले. पुण्यानुमोदनाला मी बाबांबरोबर गेले. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मला बसवत नव्हतं, म्हणून मी आत जाऊन त्यांच्या मुलीला पाण्याचे ग्लास भरू लागले. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. कॉलेजची आहे म्हटल्यावर ती बोलू लागली.

"बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले एकच गोष्ट सांगत. त्यांची कोणी पोरगी आहे जबलपूरले. तिच्याजवळच्या पोरी चौथ्या दिवशीच तिची चूक तोंडावर सांगतात म्हणे. असं शिकवणं पाहिजे, म्हणत. ओळखता काय तुम्ही तिले?"

"ओळखते," मी म्हणाले. "आणि एकेचाळीस दिवसांचं काय सांगत?"

तिने हातातला ग्लास खाली ठेवला. "कायचे एकेचाळीस दिवस? ते तं बाबा कधी बोलले नाहीत."

मी तिला ते सगळं तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं.