गौराक्कांची उन्हाची पट्टी

बातमी आली तेव्हा मी राजा होतो. शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालली होती, दाढी चिकटवून मी प्रधानाला देहदंड ठोठावण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात शिपायानं दारातून सांगितलं, "मास्तर, बालवाडीच्या गौराक्का गेल्या." राजानं अशा वेळी काय करायचं ते नाटकात लिहिलेलं नव्हतं. दाढी काढून खिशात ठेवली आणि निघालो... त्याला आता महिना होईल.

गौराक्कांची बालवाडी आमच्या शाळेमागं, विणकरांच्या वस्तीत. एकच खोली, खाली शहाबादी फरशी. थंडीत त्या फरशीवर बसवलेलं पोर तोंड उघडायला तयार नसे. घरात कुणाचं तेलुगू, कुणाचं कानडी, कुणाचं दखनी. इथं आल्यावर मराठी, आणि वर बुडाला गारवा. म्हणून दिवाळी सरली की अक्का वर्ग अंगणात काढत. शेजारच्या मागांच्या शेडवरून सकाळी तिथं उन्हाची अरुंद पट्टी पडे, बाकी सगळी सावली. पोरं सावलीत उभी करायची आणि अक्का नुसता आवाज काढायच्या, "स्स्स..." ज्याचं नाव त्या आवाजानं सुरू होतं त्यानं उन्हात पळायचं. हात गारठले की तळहात तोंडाशी धरून आधी 'क' म्हणायचं, मग 'ख'. 'ख'ला ऊब लागते, 'क'ला लागत नाही. हे कळल्यावर मी सगळ्या मास्तरांना मधल्या सुट्टीभर 'ख ख' करायला लावलं होतं.

सुलोचना नावाची एक मुलगी होती. कधी बोलायची नाही. 'स' झाला तरी हलली नाही, एकटी सावलीत कुडकुडत राहिली. अक्कांनी 'ब' काढला आणि ही सुसाट पळाली. मधल्या सुट्टीत तिथं जाऊन मी डावाचा पंच होत असे, त्या नात्यानं मी तिला बाद ठरवलं. "बाद कशी, मास्तर?" अक्का म्हणाल्या. "घरी तिची आई बुज्जी म्हणती की. सुलोचना हाय, हे तिला हितं आल्यावर कळलं." त्या दिवसापासून नियम झाला, आई ज्या नावानं हाक मारते तेच नाव.

मग ऐन पौषात संस्थेचे चिटणीस नीलकंठराव मफलर गुंडाळून आले. पोरं खोकतात, पाट्या कोऱ्या राहतात, अशा तक्रारी होत्या. उद्यापासून वर्ग आत, असं त्यांनी सुनावलं. वर्ग आत गेला की ही पोरं पुन्हा मुकी होणार, हे अक्कांना ठाऊक होतं. वाद न घालता त्यांनी एवढंच विनवलं की चालू डाव पुरा होऊ द्या, आणि हो, सावलीत उभे राहा, नियम सगळ्यांना एकच. एकेक आवाज निघाला, एकेक पोर उन्हात गेलं. शेवटी सावलीत दोघंच, बुज्जी आणि नाक पुसणारे चिटणीस. अक्कांनी 'ब' म्हटलं. बुज्जी पळाली, पट्टीत पोचली, वळली आणि म्हणाली, "तू पन ये की. तुझी आई बंडू म्हणती."

त्यांची आई समोरच्या माडीवरून रोज हाक मारायची, सगळ्या गल्लीला पाठ होती. नीलकंठरावांनी अक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग धोतराचा सोगा उचलला आणि पळत उन्हात गेले. वर्ग आत नेण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

माझी आई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अक्कांनी तरी एकदा खोदून विचारलंच, आणि मी सांगितलं, गुंड्या. तेव्हापासून 'ग' काढताना त्या माझ्याकडे बघत आणि मी मास्तर असूनही पळत असे.

परवा बालवाडीत डोकावलो. नव्या बाईंनीही पोरं अंगणातच उभी केलेली. 'ग' निघाला, गौस आणि गंगव्वा पळाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. गुंड्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नव्हतं, म्हणजे नियमाप्रमाणे मी बाद. जागचा हललो नाही... थोड्या वेळानं शेडची सावली आखडत गेली आणि ऊनच माझ्या पायांवर आलं.