बाबा पाय बघायचे

लग्न होऊन विचुंब्याला आले तेव्हा आमच्या घरामागे भातशेती होती. आता तिथे बिल्डिंग आहे. पहिल्याच लावणीत माझ्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्या फाटल्या, पाऊल टेकवेना. नवी सून, सांगणार कोणाला? साडी खाली ओढून तशीच चालत होते.

माझे सासरे पडवीत बसलेले असायचे. त्यांना सगळे बाबा म्हणायचे. ते एकाहत्तरच्या लढाईत होते, हे लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं. त्यांच्यापुढे मी पदर ढळू दिला नव्हता, चार शब्द बोलले नव्हते. पण त्यांनी माझी चाल बघितली.

"पाय दाखव गो," ते म्हणाले.

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्यांनी स्वतः कोमट पाणी आणलं, मला पायरीवर बसवलं आणि खाली बसून माझे पाय हातात घेतले. सासऱ्यांनी सुनेचे पाय धरलेले मी तोवर कुठे पाहिले नव्हते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "आता पाटावर बसवा तिला, आन नारल पन फोरा." शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांनी मान वर केली नाही. एकेका बोटामधलं पाणी जुन्या धोतराच्या फडक्याने टिपलं आणि मेंदीचा पाला वाटून लावला.

माझं रडू थांबेना, तेव्हा त्यांनी सांगितलं. वर पहाडात बर्फ होतं. बरोबरच्या एका पोराचे मोजे भिजले होते, पण सगळ्यांपुढे तो बोलला नाही. बूट काढले तेव्हा पाय काळेनिळे झालेले. बाबांनी अंगावरचे कपडे वर केले आणि त्याचे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटाला लावून पहाटेपर्यंत बसले. समोरून तोफगोळे येत होते.

मी विचारलं, वाचले का पाय?

"येक वाचला, येक नाय. तो लाजला नसता तं दोनी वाचलं असतं. तू लाजू नको."

त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवायला बसले की माझं लक्ष त्यांच्या पोटाकडे जायचं. भाकरी खाणारं, बनियनच्या आतलं साधं पोट. त्यावर बर्फासारखे दोन पाय ठेवून हा माणूस रात्रभर हलला नाही. 

लढाईचं दुसरं काही ते कधी बोलले नाहीत. माझी मुलं शाळेतून आली की आधी पाय दाखवायची, मग खाऊ मिळायचा. शाळेने एकदा झेंड्याला बोलावलं, तर तिथेही मुलांना पाय कोरडे ठेवा एवढंच सांगून खाली बसले.

पुढे त्यांना साखर झाली, नजर मंदावली. दिवाळीच्या पाडव्याला बाबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. मुलगे, नातवंडं, सगळी ओळीने वाकून गेली. मी वाकले आणि वास आला. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, जखम होती. त्यांना दुखत नव्हतं, दिसत नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी त्या पायांना हात लावला होता.

मी पदर सावरला आणि सगळ्यांपुढे म्हणाले, "बाबा, पाय दाखवा."

त्यांनी पाय चादरीखाली घेतला. "काय नाय गो."

"लाजू नका," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पाय पुढे केला.

पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उशीर झालाय, कदाचित पाय कापावा लागेल.  परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "दोनी पाय घेऊन जायाचा हाय मला."

रोज ड्रेसिंग मी करायची. डॉक्टरांनी दाखवलं तसं, आणि बोटांमधलं पाणी बाबांनी दाखवलं तसं टिपून. ते पाय ताठ धरून बसायचे, जणू कोणी साहेब समोर उभा आहे. होळीपर्यंत जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. बाबांनी त्यांना सॅल्यूट केला. घरी आल्यावर मलाही केला. मी आत पळाले.

श्रावणात एका दुपारी बाबा झोपेतच गेले. पुरुषांनी अंगणात अंघोळ घालायला घेतलं. मी बायकांमधून उठले आणि पाय मी धुते म्हणाले. एक चुलतसासू पुटपुटली, हे बायकांचं काम नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"धू दे तिला," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही पाय धुतले. फडकं घेऊन एकेका बोटामधलं पाणी टिपलं. पाय कोरडे झाले तशी मागे सरकले, मग पुरुषांनी अंगठे बांधले.