पलंग वाजवून आत यायचं

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'बेसमेंटमध्ये कुणीतरी उभं होतं' असं टाकलं, की खाली मी लिहिते, 'मेंटेनन्सवाला असेल, त्याला गळक्या नळाचं सांगा.' त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण कुठेतरी बोलायला हवं ना... नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मेधा, बीपी चेक करून घे."

मी फरीदाबादला राहते. एका होमकेअर एजन्सीत ट्रेनर आहे. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी राहून काळजी घेणाऱ्या मुलींना मी शिकवते — कूस कशी बदलायची, झोपल्या जागी अंग कसं पुसायचं, भरवायचं कसं. मुली झारखंड, बंगाल, मणिपूर कुठून कुठून येतात. शिकवणं सोपं आहे हो, टिकवणं म्हणजे डोक्याला ताप. आज कामावर पाठवावी आणि परवा फोन, "दीदी, मुझे वापस बुला लो." कुणाला घरची आठवण येते, कुणाला त्या घरातली सूनबाई धड जेवू घालत नाही, कुणाचं लग्नच ठरतं. माझा निम्मा दिवस या फोनांवर जातो.

तर गोष्ट सुधामावशीची. माझी सख्खी मावशी. आईची नोकरी फिरतीची, म्हणून माझी सगळी शाळा मावशीकडे, दिल्लीत झाली. ती नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होती. कडक पांढरी साडी, छातीवर पिनेने लावलेलं उलटं घड्याळ आणि आवाज असा, की पोरी वॉर्डात शिंकायच्यासुद्धा परवानगी घेऊन.

तिचा एक नियम होता. पेशंटला हात लावायच्या आधी पलंगाची कड दोनदा वाजवायची आणि थांबायचं. म्हणायची, "अंथरूण म्हणजे पेशंटचं घर. कुणाच्या घरात असं घुसतात का? दार वाजवा. आतून उत्तर येऊ दे. बोलता येत नसेल तर डोळे बघा. डोळे हो म्हणाले की मग हात." मी तापाने फणफणलेली असले तरी आधी टकटक आणि मग कपाळावर हात! आमच्या कोर्समध्ये हे नाही. मी कुठल्याच कोर्समध्ये पाहिलेलं नाही. ती तिची स्वतःची पद्धत.

अशी ही वाघीण स्ट्रोक येऊन पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालायचा, पण त्याने ती एकच काम करायची, समोर आलेला चमचा उडवायचा. गुरुग्रामला मुलाकडे असते, निखिलकडे. मी एकीमागून एक मुली पाठवल्या, एक टिकेल तर शपथ. "माताजी, मुँह खोलिए," म्हटलं की मावशी ओठ गच्च मिटून घ्यायची. मुली रडकुंडीला यायच्या आणि निघून जायच्या.

शेवटी निखिल म्हणाला, "मेधाताई, बस झालं यार. देहरादूनला एक होम आहे, मी बोलून ठेवलंय. आता जी आलीय ती पण गेली, तर आईला तिकडे ठेवणार. मी थकलो गं." त्याचं चुकत नव्हतं. एकटा माणूस, ऑफिस सांभाळून किती करणार? पण अनोळखी हातांत, अनोळखी गावात मावशी जगायची नाही, हे मला आतून कळत होतं. मला रडूच आलं.

'आता जी आलीय ती' म्हणजे असुंता. झारखंडातल्या सिमडेग्याकडची, अगदी अबोल. क्लासमध्ये डोळे मिटून ऐकायची, मला वाटायचं झोपा काढते. तिच्याकडून मला काडीची आशा नव्हती. पण काय सांगू, मावशी तिच्या हातून जेवायला लागली! निखिलचा मेसेज आला, 'चमत्कार!!' मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. आणि थोड्याच दिवसांत असुंताचा फोन, "दीदी, मुझे घर जाना है."

डोकंच फिरलं माझं. कॅब केली आणि तडक गुरुग्राम गाठलं. चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच.

थंडीतली दुपार होती. धुकं नुकतंच विरत होतं. निखिलचा फ्लॅट खूप वर आहे, बाल्कनीतून बघितलं तर खालचा रस्ता नाहीच, नुसते टॉवरचे शेंडे तरंगतायत. मावशीच्या खोलीत मऊ पिवळं ऊन आलं होतं. निखिल ऑफिसला गेलेला. असुंताची बॅग भरून दारापाशी ठेवलेली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पाण्याचा कप घेऊन मावशीकडे वळली. पलंगाची कड वाजवली — टक, टक. थांबली. मावशीच्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "सिस्टर, पानी लाई हूँ." आणि मावशीने गुणी मुलीसारखं तोंड उघडलं.

माझ्या हातातली पर्स खाली पडली.

"ये किसने सिखाया तुझे?"

"वो दूसरी दीदी ने."

"कौन दूसरी दीदी?"

ती घुटमळली. "जो दोपहर में आती हैं. मैं यहाँ धूप में लेटती हूँ ना, आँख लग जाती है, तब. यहाँ घड़ी लगाती हैं, उल्टी." तिने छातीवर बोट ठेवलं. "पहले मुझे ही बिस्तर पे लिटाती हैं. बोलती हैं, खुद लेटके देखो कैसा लगता है. फिर करवट दिलाती हैं, पानी पिलाती हैं. बोलीं, माताजी मत बोलो, सिस्टर बोलो... अच्छी हैं. पर दीदी, दरवाज़ा तो बंद रहता है. रोज़ एक ही सपना थोड़ी आता है किसी को. मुझे डर लगता है."

मी निखिलला फोन लावला. "तू हिला पलंग वाजवायला सांगितलंस का रे?" तो म्हणाला, "मी? अगं, मी तर ते विसरूनच गेलो होतो." घरात मावशीचा जुना फोटोसुद्धा नाही, होते ते सगळे जुनं घर सोडताना ट्रंकेत गेले आणि ती ट्रंक पुण्याला आहे. मी असुंताला 'थकान होगी, नींद पूरी नहीं होती होगी' वगैरे सांगितलं. ती नुसती मान हलवत होती. रात्रीची गाडी होती तिची.

मग आम्ही तिघी तशाच... मावशी झोपली. असुंता उन्हात गादीवर कलंडली. मी वेताच्या खुर्चीत संत्रं सोलत बसले. ऊन पायांवरून हळूहळू वर चढत होतं. संत्र्याचा वास, खाली कुठेतरी लांब हॉर्न. डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

आणि मला मावशी दिसली. उभी. धडधाकट! पलंगावर असुंता पडली होती आणि मावशी तिची कूस बदलत होती, एक हात खांद्याला, एक कमरेला. तिचा तो वर्गातला आवाज, मराठी वळणाचं हिंदी, "हाथ पहले रगड़ के गरम करो. ठंडे हाथ से कोई जागना नहीं चाहता." मला जरासुद्धा भीती वाटली नाही. उलट असं वाटलं की शाळेतून घरी आलेय आणि आत कुणीतरी आहे.

मग ती माझ्याकडे आली. खुर्चीचा हात वाजवला — टक, टक — आणि थांबली. मला म्हणायचं होतं, ये ना गं. पण जीभ उचलेना. हात उचलेना. सगळं ऐकू येतंय, सगळं दिसतंय आणि एक शब्द बाहेर पडत नाही... तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. तेवढ्यावर तिला कळलं. मग कपाळावर हात ठेवला. ऊबदार, कोरडा हात. म्हणाली, "मेधे, ही पोरगी शिकलीय. हिला जाऊ देऊ नकोस."

जागी झाले तेव्हा संत्र्याची फोड हातातच होती, उन्हाने कोमट झालेली. मावशी पलंगावर तशीच, शांत झोपलेली. असुंता गादीवर उठून बसली होती, माझ्याकडे टक लावून बघत.

"दीदी, आज आप भी थीं. आपकी कुर्सी बजाई उन्होंने." मग ती अडखळत, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "दीदी... 'जाऊ देऊ नकोस'... मतलब क्या होता है?"

तिला मराठीचं अक्षर येत नाही हो. त्या घरात निखिलसुद्धा दिवसभर हिंदीच बोलतो. माझ्या तोंडून तिने हे कधी ऐकलेलं असणं शक्य नाही.

मी म्हटलं, "मतलब... इसको जाने मत देना."

"किसको?"

"तुझे."

तिने मावशीकडे बघितलं. मग डोळे पुसले, उठली, दारापाशी गेली आणि बॅग उचलून पलंगाखाली सरकवली. एवढंच म्हणाली, "चाय बनाती हूँ."

असुंता अजून तिथेच आहे. देहरादूनचं नाव पुन्हा निघालं नाही. माझ्या क्लासमध्ये आता पहिल्याच दिवशी पलंग वाजवायला शिकवते, आणि त्याआधी प्रत्येकीला पलंगावर झोपवते. मुली खिदळतात, खिदळू देत. डॉक्टरांना विचारलं, नवऱ्याशी वाद घातला, गूगल करून झालं. दोघींना एकच स्वप्न, तेही एकीला न येणाऱ्या भाषेत... नाही मिळालं उत्तर. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर खुशाल सांगा, मी भांडणार नाही.

फक्त त्या दिवशीचं एक राहिलं. निघताना मी मावशीच्या पलंगाशी गेले. ती जागी झाली होती. इतकी वर्षं तिच्या हाताखाली वाढले, पण तिचं दार मी कधी वाजवलं नव्हतं. वाजवलं. टक, टक. आणि थांबले.

चमचे उडवणारा तो डावा हात पांघरुणातून हळूच बाहेर आला, पलंगाच्या कडेपर्यंत पोचला, आणि तिने आतून दोनदा वाजवलं.