पंप दोन मीटरचा, रॅक यांच्या उंचीचा

गेल्या रविवारी बोईसरला शोभेच्या माशांच्या दुकानात मी दोन हातांत दोन पंप घेऊन बराच वेळ नुसती उभी होते. कुठला घ्यावा तेच कळत नव्हतं...

आमच्या घरातली मागची खोली माशांची. म्हणजे यांची. फॅक्टरीतून आले की हे आधी त्या खोलीत जायचे, मग चहा. लोखंडी अँगलचा रॅक यांनीच उभा केला. तळाला पाणी गाळायची टाकी, वर माशांच्या काचेच्या टाक्या. पंप तळातलं पाणी सगळ्यात वरच्या टाकीत चढवतो, आणि तिथून ते पाइपांनी उतरत परत खाली येतं.

हे गेल्यापासून खोली मी सांभाळते... वाचून, व्हिडिओ बघून, चुकत चुकत.

जुना पंप फार वीज खातो. मागे दुरुस्तीसाठी लाईट गेली, ती परत यायच्या आत इन्व्हर्टरची बॅटरी संपली आणि मधल्या टाकीतले मासे गेले. वरच्या टाकीतली एंजल माशांची जोडी तेवढी वाचली. ती यांनी पिल्लांपासून वाढवलेली.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, देऊन टाक ना कुणाला तरी. किती जीव काढशील?" मी म्हटलं, कमी विजेचा पंप लावून बघते. नाही जमलं तर देऊन टाकू. म्हटलं खरं, पण रात्रभर तेच डोक्यात...

तर दुकानात खोक्यांवर आकडेच आकडे. वॉट कमी हवेत, एवढं मला माहीत होतं. पण एकावर ताशी लिटर जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि शिवाय प्रत्येकावर 'हेड' म्हणून मीटर लिहिलेले. हेड म्हणजे पाणी किती उंच चढणार ते, हे मी वाचलेलं होतं. आमच्या पाइपची उंची घरून टेपने मोजून नेली होती. दोन मीटरला जरा कमी. म्हणून दोन मीटरवाला घेतला. स्वतःवर खूशही झाले.

घरी लावला. आवाज नाही, गरम होत नाही, वॉट अगदी थोडे. पाणी पाइपमधून छान वर चढलं... आणि तोंडाशी येऊन थबकलं. टाकीत नुसते थेंब.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "दो मीटर जाता है, भाभीजी. पर वहाँ पहुँच के वो भी थक जाता है! बड़ावाला ले जाओ."

मोठा म्हणजे पुन्हा तेवढीच वीज. मग खोक्यातला कागद वाचत बसले. त्यावर एक उतरती रेघ होती. उंची वाढेल तसं पाणी कमी, आणि बरोबर दोन मीटरवर पाणी शून्य. म्हणजे तो आकडा पाणी पोचवायचा नव्हता, थांबायचा होता.

जुना पंप परत जोडला आणि पाणी वर येतंय का बघायला स्टुलावर चढले. आणि स्टुलावर उभी असतानाच मनात आलं, ही टाकी एवढी उंच का? रोज खाणं घालायला मी या स्टुलावर चढते... हे उंच होते. टाकी यांच्या डोळ्यांसमोर यायची. बस, एवढंच कारण. आणि मी पंप शोधत हिंडत होते.

तेवढ्यात दांडी गावची आमची मासेवाली दारात आली. तिला म्हटलं, मधली टाकी रिकामीच आहे, ती काढून वरची तिथे उतरवायची आहे, हात लाव.

पाणी उपसलं. मी जाळी घेऊन एंजलच्या मागे धावतेय, ते काही सापडेनात. तिने जाळी माझ्या हातून ओढूनच घेतली. "सर गो बाजूला! आमी दर्यातलं मासं धरतो, नि तुला डब्यातलं सापडत नाय?" दोन्ही मासे बादलीत. वर म्हणते, "नि एवढं करून खायाचं बी नाय? काय उपेग हाय याचा, ताई?"

दोघींनी मिळून टाकी खाली घेतली. पाइप करवतीने कापला. कापताना हात जरा थांबला, कारण त्याच्या सांध्यावर, पाइप चिकटवायच्या वाळलेल्या सोल्युशनमध्ये, यांच्या बोटाचा ठसा होता... तेवढा तुकडा ठेवलाय.

नवा पंप लावला. पाणी धो धो पडायला लागलं. काल पुन्हा लाईट गेली होती, बराच वेळ. इन्व्हर्टर शेवटपर्यंत टिकला, मासे व्यवस्थित. मुलीला तसं कळवलं.

एंजल आता माझ्या डोळ्यांसमोर पोहतात. मी आले की काचेशी येतात. इतके दिवस त्यांनी माझा हातच तेवढा पाहिला असेल.

वरचा कप्पा रिकामा आहे. मासेवाली विचारत होती, तिथे काय ठेवणार... मला अजून कळलेलं नाही.