भाऊ म्हणजे ब्रदर

धाकटी मुलगी इंग्रजीचा धडा मोठ्याने पाठ करते. ‘धिस इज माय फादर’ हे वाक्य आलं की मी उठून गच्चीवर जातो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात एक अमेरिकन पाहुणे आले होते आणि त्यांच्याशी बोलायला प्राचार्यांनी मला उभं केलं होतं. तेवढ्यात शिंदखेड्याहून वडील आले. धोतरावर एसटीची धूळ, पिशवीतल्या ओल्या शेंगांचा वास. काका त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणायचो. माझ्या तोंडून निघालं, “भाऊ, तुम्ही?”

पाहुण्यांना चार मराठी शब्द येत होते. “भाऊ! ब्रदर!” म्हणत त्यांनी वडिलांचा हात धरला. वडील सडपातळ, केस अजून काळेच. पाहुण्यांची चूक सगळ्यांसमोर कशी काढायची, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, मला त्या धोतराची लाज वाटली होती. “यस सर,” मी म्हणालो.

“अँड युअर फादर?”

आता मागे फिरायला वाट नव्हती. “इन द व्हिलेज, सर.”

“काय इचारी राह्यना रे तो सायब?” वडिलांनी हळूच विचारलं.

“वडील कसे आहेत, विचारतात.”

त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यांचा हात न सोडता ते म्हणाले, “मंग सांग ना त्यास्ले, बाप समोरच उभा शे!”

पाहुणे माझ्याकडे पाहत थांबले होते.

“ही सेज थँक यू, सर,” मी म्हणालो.